वाऱ्याची वाळू, पाण्याची वाळू

फाल्गुन लागला की आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होतात. बाहेर बागांमधून राखणदार माकडं हाकत असतात, आंब्याचा चीक आणि ऊन यांचा एकत्र वास खिडकीतून येत असतो, आणि आत भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत चाळण्या खडखडत असतात. सहा चाळण्या एकावर एक. वरची सर्वांत मोठ्या भोकांची, मग तिच्याहून बारीक, मग त्याहून बारीक, आणि तळाशी एक बंद ताटली. वरून पुडीभर वाळू ओतायची, यंत्राचं बटण दाबायचं आणि दहा-पंधरा मिनिटं तो खडखडाट ऐकत उभं राहायचं. मग कुठल्या चाळणीत किती उरली ते तोलायचं, आलेखाच्या कागदावर रेघ काढायची आणि शेवटच्या ओळीत उत्तर लिहायचं: ही वाळू इथं कुणी आणून टाकली? वाऱ्यानं, नदीनं की समुद्रानं?

पोरांना हा प्रयोग फार आवडतो. हमखास मार्कांचा प्रयोग. यंत्र चालू असताना ती जाळीकडे पाहतसुद्धा नाहीत, सुट्टीत कुठं जायचं ते ठरवत बसतात. मी मात्र जाळीवरून नजर हटवत नाही. गेली किती वर्षं मी हा प्रयोग शिकवते, परीक्षा घेते, आणि तरी दर फाल्गुनात पहिली चाळणी हलली की माझ्या तळहातांना घाम सुटतो. लोकांची भुतं पिंपळावर असतात, माझं चाळणीत आहे. हसू नका. ज्याला वाळू वाचता येते त्याला तिची भीती वाटलीच पाहिजे, असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

तसं शास्त्र साधं आहे. वाहणाऱ्याच्या अंगात जेवढा जोर, तेवढाच मोठा कण तो उचलतो. जोर ओसरला की आधी जड कण टाकतो, मग हलके. वारा चोखंदळ. त्याला पेलतील असे एका मापाचे बारीक कण तेवढे तो निवडतो, आणि म्हणून वाऱ्यानं आणलेली वाळू रव्यासारखी एकसारखी लागते. उधाणाच्या लाटेला निवड-टिपण करायला वेळ नसतो. जाड वाळू, शिंपल्यांचे तुकडे, खडे, कुणाची तरी एका पायातली चप्पल, हाताला लागेल ते घेऊन ती येते आणि दमली की आहे तिथं टाकून परत जाते. म्हणजे कण नुसता कण नसतो. आपल्याला आणणाऱ्याच्या अंगात किती बळ होतं, तेही तो सांगतो. हे एकदा कळलं की किनाऱ्यावर चालणं पूर्वीसारखं राहत नाही.

मला हे कॉलेजात जायच्या आधीच अर्धंमुर्धं ठाऊक होतं, ते बाबांमुळे. बाबा तांडेल होते, मासेमारीच्या होडीचे कप्तान. त्यांच्या तरुणपणी होडीवर यंत्रंबिंत्रं नव्हती. दोरीला शिशाचं वजन बांधलेलं असे आणि त्याच्या बुडाला मेण थापलेलं. धुकटात किनारा दिसेनासा झाला की ते शिसं पाण्यात सोडायचं. तळाला टेकलं की दोरीवरून खोली कळे, आणि वर ओढलं की मेणाला चिकटून तळाची वाळू येई. ती बाबा बोटांनी चोळत, आणि बोटांना कळलं नाही तर चिमूटभर दातांखाली धरत. काळी बारीक रेव आली म्हणजे खाडीचं तोंड जवळ. शंखाचा चुरा आला म्हणजे खडक जवळ, होडी वळवा. दातांना काहीच लागलं नाही, लोण्यासारखं गेलं, म्हणजे नुसता गाळ, आपण खूप बाहेर आहोत. पुढं एम.एस्सी.ला आमच्या सरांनी चिखल दातांखाली धरून बघायला सांगितलं तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. मी मुकाट्यानं चिमूट उचलून तोंडात टाकली. सर म्हणाले, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, "तांडेलाची मुलगी."

बाबांना दर्याची भीती वाटत असे, आणि ती ते लपवत नसत. कुणी थट्टा केली तर म्हणत, "भितो तो तांडेल म्हातारा होतो." ते म्हातारे झाले होते, म्हणजे हिशेब बरोबरच होता.

आमचं गाव रत्नागिरीहून एसटीनं तासाभरावर आहे. नाव सांगत नाही, सांगितलं की माझा दादा विचारतो, "येनाऱ्या पाव्हन्यांना भिववतीस कशाला?" वर कातळ, कातळाच्या उतारावर जांभ्याची घरं, खाली माड, माडांपुढं सुरूचं बन आणि मग पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. आमच्या बाजूला जुन्या माणसांनी पुळणीवर कधी घर बांधलं नाही. तिथं माड, तिथं होड्या, तिथं सुकत घातलेली मासळी. माणसानं झोपायचं ते वर. का, ते कुणी सांगत नसे आणि आम्हीही विचारत नसू. गोठ्याची तोंडं कुठल्या दिशेला असावीत हे जसं कुणी विचारत नाही, तसं.

तो फाल्गुन माझ्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा. अठरा वर्षं झाली. दादाचं नुकतंच लग्न झालेलं, मासळी वाहायचा त्याचा टेम्पो होता आणि डोक्यात एकच गोष्ट: खाली माडांत घर बांधायचं, पुढं पडवी, दोन खोल्या पाहुण्यांसाठी, वहिनीच्या हातचं जेवण. पर्यटक यायला लागले होते आणि त्यांना कातळावरचं घर नको होतं, त्यांना उशाशी समुद्र हवा होता. दादा चुकीचं काही मागत नव्हता. बाबांचे गुडघे गेल्यावर त्यानं होडी सोडली होती, उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःचं काही करायचं होतं. जांभ्याचे चिरे येऊन पडले होते. अक्षय तृतीयेला पाया भरायचा ठरलं होतं. आधी पाण्याची सोय म्हणून त्यानं विहिरीचा खड्डा खणायला घेतला, आणि मला प्रोजेक्टसाठी नमुने हवे होते म्हणून मी आनंदानं त्या खड्ड्यात उतरले.

छातीएवढी खोल गेल्यावर मी खुरप्यानं एक बाजू तासून सपाट केली. वर सगळी रव्यासारखी वाळू, वाऱ्याची. कमरेपाशी वीतभर जाडीचा एक पट्टा होता. त्यात जाड, टोचरी वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. पट्ट्याच्या बुडाशी काजळाच्या बोटासारखी एक काळी रेघ, जड कणांची. पट्ट्यातसुद्धा खाली अधिक जाड, वर येता येता बारीक. आणि त्याच्या खाली पुन्हा रवा.

मी कितीतरी वेळ त्या पट्ट्यावर हात ठेवून उभी होते. समुद्र इथं आला होता. नुसता भिजवून गेला नव्हता, जोरात आला होता, जोर ओसरेपर्यंत वाळू टाकत राहिला होता आणि मागं फिरला होता. मग वारा पुष्कळ वर्षं बारीक वाळू पसरत राहिला आणि सगळं झाकून गेलं. कधी? ते वाळू सांगत नाही. गावातल्या कुणाच्या आठवणीत नव्हतं, एवढं खरं. सुरूच्या पलीकडं समुद्र त्या दिवशी इतका गरीब दिसत होता की मला त्याच्याकडं पाठ करवेना.

नमुने वरच्या घराच्या खळ्यात, पुढच्या अंगणात, वाळत घातले. वहिनी नवी होती, माझ्याहून वयानं लहान, मदत करायची तिला हौस फार. तिनं दोन थाळ्यांतली वाळू एका पिशवीत भरून ठेवली, जागा वाचावी म्हणून. मी तिला काय काय बोलले! "अगं, नाव नाही, जागा नाही, तारीख नाही, ती वाळू नमुना नसते, केर असतो केर!" बिचारी रडवेली झाली. मला तिच्यावर राग नव्हता, मला त्या पट्ट्याची भीती वाटत होती आणि कुणावर तरी ओरडायचं होतं. पुन्हा खड्ड्यात उतरून नवे नमुने घेतले. प्रयोगशाळेत चाळले. आलेखाची रेघ पाण्याच्या वाळूचीच आली. जाळीत आधीचे कण अडकले असतील म्हणून चाळण्या उलट्या करून मऊ ब्रशनं झाडल्या, पुन्हा चाळलं. चूक सापडावी म्हणून इतकं मन लावून काम मी आयुष्यात कधी केलं नाही. चूक नव्हती.

चैत्र संपत आला तेव्हा मी बाबांना खड्ड्यापाशी घेऊन गेले. ते पालथ्या घातलेल्या होडीवर बसले. पट्ट्यातली चिमूट मी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी चोळली, मग दातांखाली धरली. कच्च असा आवाज मला ऐकू आला. त्यांनी थुंकून टाकली.

"बाय, ही दर्यानं टाकलेली हाय," ते म्हणाले.

"मग दादाला सांगा ना."

"तो माजा आयकनार नाय. म्हनेल, म्हातारा भितो. तू शिकलेली हायस. तू सांग."

तेवढ्यात दादा आलाच. हातात फुटपट्टी, कानामागं पेन्सिल, अंगाला जांभ्याची तांबडी धूळ. वहिनी मागून ताकाचा तांब्या घेऊन येत होती. दादानं आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं, खड्ड्यातल्या पट्ट्याकडं पाहिलं आणि हसत विचारलं, "काय गो बाईसाहेब, काय म्हनते तुमची वाळू? वाऱ्याचीच ना?"

उत्तर माझ्या तोंडात होतं. पण दादाच्या चेहऱ्यावर घर दिसत होतं, अख्खं, पडवीसकट. मी म्हटलं, "एका खड्ड्यावरून तसं नक्की सांगता येत नाही."

वाक्य अगदी खरं होतं. आमचे सर हेच सांगत, एका खड्ड्यावरून किनाऱ्याचा इतिहास लिहू नये. दुसरा खड्डा, तिसरा खड्डा, मग बोलावं. पण मी ते शास्त्र म्हणून बोलले नव्हते, मी त्याच्यामागं लपले होते. दादा म्हणाला, "बगा बाबा, शास्त्रवाले पन सांगत नायत." बाबांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. धुकटात शिसं तळाला लागलंच नाही की पाहत असतील, तसं. मग काठी टेकत उठले आणि वर गेले.

प्रोजेक्टला मला उत्तम मार्क मिळाले.

घर झालं. छान झालं, खोटं कशाला बोलू. चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौलं, पडवीत झोपाळा. पाहुणे येऊ लागले, वहिनीच्या सुरमईचं नाव झालं, पुतणी झाली. बाबा जेवायला खाली येत, नातीला खेळवत आणि ऊन कलंडलं की वरच्या घरी जात. शेवटपर्यंत एकदाही त्या घरात झोपले नाहीत. ते गेल्यावर वरचं घर बंद झालं.

आणि माझी भीती सुरू झाली ती कायमची. मी रत्नागिरीत राहते, पण कालनिर्णय पाहते ते सणांसाठी नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडं पोरासोरांना येतं. पौर्णिमा-अमावास्येला पुरी भरती ऐन दुपारी. आषाढातल्या त्या दुपारी मी वर्गात काय शिकवते ते मला आठवत नाही. तास संपला की वहिनीला फोन. "पाणी कुठवर आलं?" "सुरूपर्यंत, वन्सं." दर वर्षी तेच उत्तर. मग मी डबा उघडते.

गावी गेले की मी चप्पल काढता काढता उंबऱ्यावरची वाळू बोटांत घेते. खाली राहणाऱ्याच्या घरात वाळू असतेच, सकाळी झाडली की संध्याकाळी पुन्हा येते. ती चोळून बघायची. रवा लागला की जीव भांड्यात. वाऱ्याची, चोखंदळ वाऱ्याची. दादा चिडवतो, "आली बग इन्स्पेक्टर!" पुतणी लहानपणी समजायची की आत्या आली की आधी उंबऱ्याच्या पाया पडते. मी तिचा गैरसमज दूर केला नाही, कारण त्यात फारसं खोटं नव्हतं.

यंदा प्रॅक्टिकल संपल्या त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीनं गावी गेले, शिमग्याला. दुसऱ्या दिवशी ग्रामदेवतेची पालखी घरी यायची होती. सकाळी वहिनी घर झाडून-पुसून काढत होती, मी फळीवरचे डबे उतरवून देत होते. दादा तोरणासाठी आंब्याच्या पानांचे टाळे आणायला गेला होता, पुतणी रांगोळी घेऊन खळ्यात. फळी रिकामी झाली तशी वहिनीनं हात मागं घालून शेवटचा एक पितळी डबा काढला आणि दाराकडं बघून माझ्यापुढं ठेवला.

आत तीन प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. वाळूच्या. प्रत्येकीवर कागद चिकटवलेला, वहिनीच्या ठसठशीत अक्षरात. पहिली: आषाढ अमावास्या, तुळशीपाशी. दुसरी, पुढच्या सालची: श्रावण पौर्णिमा, पडवीची पायरी. तिसरी गेल्या पावसाळ्यातली: आषाढ अमावास्या, बाळीच्या खाटेखाली.

बाळी म्हणजे माझी पुतणी.

पहिली उघडून चोळली. जाडसर. दुसरी त्याहून जाड. तिसरीत बोट घातलं आणि काढून घेतलं, शिंपल्याचा तुकडा टोचला होता. मी तिथंच पाटावर बसले.

"तू तर फोनवर सुरूपर्यंत म्हणायचीस," मी म्हटलं.

"तिसऱ्या खेपेला हे टेंपो घेऊन गेले होते, बाळी शाळेत. पानी आला, उंबऱ्यावरून आत गेला नि परत गेला. पाच मिंटाचा खेळ. मी पुसून काडला." ती हळू बोलत होती. "तुमाला सांगितला असता तर तुमी ह्यांना सांगितला असतात. ह्यांनी भिंत बांदायला काडली असती. भिंतीनं काय होनार?"

"पण मग आधी का नाही..."

"वन्सं, तुमीच म्हनाला होतात. एकावरून सांगता येत नाय. मी तिथंच होते, ताक घेऊन. म्हनून तीन होईस्तवर थांबले, नि मग तुमी एकट्या गावायची वाट बगत." मग जरा दमानं म्हणाली, "नाव, जागा, तिथी घातलीय. केर नाय ना हा?"

माझ्या पळवाटेला ही बाई शास्त्र समजून तीन पावसाळे एकटीनं भीत बसली होती. तिसऱ्या पावसाळ्यात समुद्र पोरीच्या खाटेखाली येऊन गेला, तेव्हासुद्धा तिनं आधी नमुना घेतला. मी नाही म्हणून मान हलवली. तिचा हात धरला.

दारात सावली पडली. दादा, खांद्यावर टाळे. डबा लपवायला वहिनीनं हात पुढं केला आणि मी तो अडवला. दादानं पिशव्या पाहिल्या, त्यांच्यावरची अक्षरं वाचली. तिसऱ्या पिशवीवर त्याची नजर बराच वेळ थांबली. टाळे त्यानं हळूच खाली ठेवले. त्याचे केस पिकलेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"काय गो," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, पण आवाज परीक्षेला बसलेल्या पोरासारखा आला. "वाऱ्याचीच ना?"

बाहेर खळ्यातून पुतणीचं गुणगुणणं ऐकू येत होतं. त्याच्यामागं समुद्र, नेहमीचा.

"नाही दादा," मी म्हटलं. "पाण्याची. त्या खड्ड्यातलीपण पाण्याचीच होती. मला तेव्हाच ठाऊक होतं."

तो खाली बसला, तिसऱ्या पिशवीतली चिमूट उचलली आणि अगदी बाबांसारखी दातांखाली धरली. कच्च. तोच आवाज. वहिनीनं डोळे मिटून घेतले.

दादानं ती थुंकली नाही. गिळली असावी. मग त्यानं वहिनीकडं न बघता विचारलं, "वरच्या घराची चावी कुठं हाय?"